लेक गेल्यानंतरचे पहिले वर्ष : कागदपत्रे, लोकल आणि घर

आमची मुलगी १२ ऑगस्ट २०२४ रोजी पहाटे परळच्या एका रुग्णालयात आम्हाला सोडून गेली. ती अकरा वर्षांची होती आणि नुकतीच सहावीत गेली होती. रक्ताच्या कर्करोगाचे निदान २०२२ च्या जूनमध्ये झाले, उपचार मधल्या काळात चांगले लागू पडले आणि गोळ्यांचा शेवटचा टप्पा चालू असतानाच मार्च २०२४ मध्ये आजार उलटला. आजाराविषयी वाचायला पुष्कळ मिळते. मूल गेल्यानंतर आईवडिलांपुढे कोणती कामे येतात, त्यांपैकी कोणती लगेच करावी लागतात आणि कोणती खुशाल मागे ठेवता येतात, हे सांगणारे मराठीत मला त्या वेळी काही सापडले नाही. आता शेवटचे कागदपत्रही पूर्ण झाले आहे, म्हणून जे जसे घडले तसे लिहीत आहे. तिचे नाव येथे लिहीत नाही, कारण धाकट्या मुलाला मोठेपणी हे वाचायचे की नाही ते त्याने ठरवावे, असे आम्हा दोघांना वाटते.

त्या पहाटे रुग्णालयातील समुपदेशक ताईंना मी स्वतःहून नेत्रदानाबद्दल विचारले. रक्ताचा कर्करोग असलेल्या व्यक्तीचे डोळे स्वीकारले जात नाहीत, असे त्यांनी हळूपणे सांगितले आणि माझ्याजवळ बसून राहिल्या. मला ते आधी ठाऊक असते, तर त्या क्षणी एक नकार कमी ऐकावा लागला असता, म्हणून येथे नोंदवून ठेवते. त्यानंतर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ४’, हाती आले. हा कागद स्मशानभूमीत दाखवावा लागतो. माझ्या दिरांनी समोरचे झेरॉक्सचे दुकान उघडेपर्यंत थांबून त्याच्या प्रती काढून घेतल्या. तेव्हा त्यांचा हा खटाटोप मला निरर्थक वाटला होता. पुढे विमा कंपनीने मृत्यूचे कारण लेखी मागितले, तेव्हा त्याच प्रती उपयोगी पडल्या. महापालिका जो मृत्यूचा दाखला देते, त्यावर मृत्यूचे कारण छापलेले नसते. कायद्यानेच ते उघड करता येत नाही. म्हणून ज्यांच्यावर अशी वेळ येईल, त्यांच्या जवळच्या एका शांत माणसाने कागदांची पिशवी स्वतःकडे घ्यावी आणि प्रत्येक कागद हातातून सोडण्यापूर्वी त्याची प्रत काढावी. आईवडिलांना हे सुचणार नाही, आणि सुचावे अशी अपेक्षाही कोणी करू नये.

शववाहिनीने तिला मुलुंडला घरी आणले आणि दुपारी आमच्याकडच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. तिसऱ्या दिवशी तिचे बाबा आणि दीर अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर जाऊन आले. तेराव्यापर्यंतचे दिवस घर माणसांनी भरलेले होते आणि त्या दिवसांचे मला फारसे आठवत नाही. एवढे मात्र आठवते, की ‘देवाला आवडली’ आणि ‘आता धाकट्याकडे बघून सावर’ ही दोन वाक्ये जवळजवळ प्रत्येकाने उच्चारली आणि त्यांपैकी एकानेही मला धीर आला नाही. शेजारच्या काकू रोज सकाळी काही न बोलता दूध तापवून, चहा करून, ओटा पुसून जात. ज्यांना भेटायला जायचे आहे, पण काय बोलावे ते सुचत नाही, त्यांनी बोलूच नये. घरात पाणी भरणे, मुलाला शाळेत सोडणे, आलेल्या फोनला उत्तर देणे अशी कितीतरी कामे पडलेली असतात.

मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते, राहत्या पत्त्यावर नाही. आम्ही मुलुंडचे रहिवासी असलो, तरी नोंद परळच्या, म्हणजे एफ दक्षिण विभागात व्हायची होती. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत कळवावे लागते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, घरी झाला असेल तर कुटुंबाची. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते; त्यापुढे वरिष्ठ अधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. घरी मृत्यू झालेल्या कुटुंबांनी म्हणूनच हे एक काम मागे ठेवू नये. आम्ही २७ ऑगस्टला विभाग कार्यालयातील नागरी सुविधा केंद्रात अर्ज दिला आणि दोन दिवसांनी दाखला मिळाला. पहिली प्रत विनामूल्य असते, पुढच्या प्रतींना किरकोळ शुल्क पडते. जास्तीच्या प्रती तेव्हाच घेऊन ठेवाव्यात. छापण्यापूर्वी खिडकीवरच्या बाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “नाव, आईचे नाव, पत्ता, दोन्ही भाषांत नीट वाचून घ्या.” इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणेच आहे ना, एवढे पाहायचे होते. मी तिचे नाव अक्षर अक्षर वाचले. जन्मदाखल्याच्या वेळी याच पद्धतीने वाचले होते, ती आठवण तेथेच आली आणि पुढचे सगळे तिच्या बाबांनी पाहिले.

विम्याच्या कामालाही मुदत असते. रुग्णालयाचे बिल विमा कंपनीने परस्पर भागवले होते, तरी आधीच्या महिन्यातील तपासण्या आणि औषधे आम्ही स्वतः भरली होती आणि त्यांचा परतावा ठराविक दिवसांत मागावा लागतो. आमच्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांचा खर्च मिळत होता. प्रत्येकाने आपली पॉलिसी वाचावी, कारण हे आकडे निरनिराळे असतात. मूळ बिले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि अहवाल तारखेच्या क्रमाने लावायचे होते. एका रात्री जमिनीवर सगळे कागद पसरून मी ते लावत बसले, तेव्हा प्लेटलेट्सचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचे, आकडे एका अहवालाकडून दुसऱ्या अहवालाकडे कसे उतरत गेले ते मला पुन्हा पाहावे लागले. हे काम शक्य असेल तर घराबाहेरच्या माणसाकडे द्यावे. पैसे नोव्हेंबरमध्ये जमा झाले.

गणपती त्या वर्षी ७ सप्टेंबरला होते. सुतक संपलेले होते, मूर्तीसाठी जूनमध्येच आगाऊ रक्कम दिलेली होती, आणि घरात दोन मते झाली. सासूबाईंनी ठरवले, की मूर्ती डोंबिवलीला दिरांच्या घरी बसेल आणि आपण दीड दिवस तेथे जाऊ. मला जायचे नव्हते. धाकट्याला जायचे होते. आम्ही गेलो, आरतीला मी आतल्या खोलीत बसले आणि कोणी मला बाहेर बोलावले नाही, याबद्दल त्या घराची मी ऋणी आहे.

शाळेत मी सप्टेंबरच्या अखेरीस गेले. पटावरून आणि सरकारी ऑनलाइन नोंदीतून नाव कमी करण्यासाठी दाखल्याची प्रत आणि एक साधा अर्ज पुरतो. मुख्याध्यापिकांनी दुसऱ्या सहामाहीची फी परत केली आणि वर्गशिक्षिकेने तिच्या चित्रकलेच्या वह्या कपाटातून काढून दिल्या. त्यांनी मला विचारले, की वर्गातील मुले तिच्याविषयी बोलतात, त्यांना थांबवू का? मी त्यांना थांबवू नका असे सांगितले. त्याच आठवड्यात वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटातून माझा क्रमांक न विचारता काढला गेला. ज्यांनी काढला त्यांना मला त्रासातून वाचवायचे असावे. ज्यांच्याकडे अशा गटांची व्यवस्था असते, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की आधी विचारावे. काहींना गटात राहायचे असते. मला राहायचे होते.

नोकरीवर मी १ ऑक्टोबरला परत रुजू झाले. खासगी नोकरीत अपत्याच्या मृत्यूनंतर मिळणारी अशी कोणतीही रजा आपल्या कायद्याने ठरवून दिलेली नाही. साठलेली अर्जित रजा संपली होती आणि शेवटचे दिवस बिनपगारी गेले. माझे कार्यालय फोर्टमध्ये आहे. पूर्वी मी ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल पकडत असे, कारण मुलुंडला बसायला जागा मिळते. ती गाडी परळला थांबते. उपचारांच्या काळात मुलीला घेऊन आम्ही त्याच फलाटावर उतरत होतो. कर्करोगाच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो, म्हणून तो डबा फलाटावर नेमका कोठे येतो ते आम्हा दोघींना पाठ झाले होते. रुजू झाल्यावर मी जलद गाडी धरू लागले, जी दादरनंतर थेट भायखळ्याला थांबते. उभ्याने, घामाघूम होऊन, दोन स्थानकांच्या मधली ती मिनिटे मी डोळे मिटून काढत असे.

महिलांच्या डब्यातील आमचा गट जुना आहे. रुजू झाल्यावर लगेचच, ३ ऑक्टोबरला, नवरात्र बसले आणि सगळ्याजणी रोजच्या रंगाच्या साड्या नेसून येऊ लागल्या. मी त्या दिवसांत दुसऱ्या डब्यात चढत होते. चौथ्या माळेला गटातील सर्वांत वडीलधाऱ्या मावशी फलाटावर माझी वाट पाहत उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला तिच्याविषयी विचारले, ती आजारी होती त्याविषयी नाही, तर तिला कोणता रंग आवडत असे, ती गाडीत कधी बसली होती का, हे. कित्येक आठवड्यांत तिचे नाव घेऊन माझ्याशी बोललेली ती पहिली व्यक्ती होती. आपण नाव घेतले तर आईला रडू येईल या भीतीने लोक गप्प राहतात. रडू येते हे खरे आहे, पण ते नाव न घेतल्यानेही येतच असते. आता मी स्वतःच ओळखीच्यांना सांगते, की तिच्याविषयी बोललेले मला चालते. असे एकदा सांगितले, की समोरच्या माणसाचा अवघडलेपणा पुष्कळ कमी होतो.

सुकन्या समृद्धी खाते बंद करण्याचे काम डिसेंबरपर्यंत मी ढकलत होते. मुलींसाठीची ही सरकारी बचत योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी आम्ही जवळच्या टपाल कार्यालयात तिचे खाते उघडले. दरमहा दीड हजार रुपये भरत होतो आणि खाते २०३७ मध्ये परिपक्व होणार होते. खातेदार मुलीचा मृत्यू झाल्यास दाखला सादर करून खाते लगेच बंद करता येते आणि सर्व रक्कम पालकाला मिळते. येथे एक बारीक नियम आहे, जो आम्हाला खिडकीवर कळला : मृत्यूच्या दिनांकापासून खाते बंद होईपर्यंतच्या काळासाठी योजनेचे व्याज मिळत नाही, टपाल बचत खात्याच्या दराने मिळते. त्या वेळी योजनेचा दर ८.२ टक्के होता आणि बचत खात्याचा ४ टक्के. म्हणजे उशीर केल्यास थोडे नुकसान होते, पण रक्कम बुडत नाही, त्यामुळे ज्यांना तेथे जाववत नाही त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. पासबुक, दाखल्याची प्रत, पालकाचे आधार आणि पॅन कार्ड, पासबुकावर छायाचित्र असलेल्या पालकाची सही, आणि पैसे वळते करण्यासाठी त्याचे बचत खाते, एवढे लागले.

त्या खिडकीवरचे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी पासबुक पहिल्या पानापासून उलटायला सुरुवात केली. सुरुवातीच्या नोंदी हाताने लिहिलेल्या, पुढच्या छापलेल्या. २०२२ च्या जूनपासून तीन महिन्यांची जागा सुटलेली आणि मग तिन्ही महिन्यांचे पैसे एकदम भरलेले. त्या नोंदीवर त्यांचे बोट क्षणभर थांबले आणि त्यांनी माझ्याकडे वर पाहिले, पण प्रश्न विचारला नाही. शेवटच्या पानावर शिक्का मारण्यापूर्वी त्यांनी विचारले, “ताई, पासबुक तुम्हाला परत हवे आहे का?” ते आमच्याकडे आहे. दोन लाखांहून थोडी अधिक रक्कम जमा झाली. ती वेगळ्या खात्यात तशीच पडून आहे, आणि तिचे काय करायचे यावर आम्हा दोघांचे अजून एकमत नाही.

याच सुमारास माझी झोप पूर्णपणे गेली. धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. तो झोपला, की मी मोबाईलच्या उजेडात त्याच्या नडग्या तपासत असे, कारण मुलीच्या आजाराची पहिली खूण नडग्यांवरचे निळे डाग हीच होती. दुसरीतला मुलगा मैदानात खेळतो, त्याच्या नडग्यांवर डाग असणारच. त्याला सर्दी झाली तरी तो स्वतःच विचारू लागला, “आई, माझे रक्त कधी तपासायचे?” तेव्हा मला कळले, की माझी भीती त्याच्यात उतरली आहे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी एकदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, करून दिली, अहवाल माझ्याबरोबर त्यालाही समजावून सांगितला आणि पुढे कोणत्या लक्षणांवर त्यांच्याकडे यायचे ते एका कागदावर लिहून दिले. तो कागद फ्रिजवर लावलेला आहे. त्या यादीत नसलेल्या गोष्टीसाठी तपासणी करायची नाही, हा आम्हा दोघांमधला करार आहे.

जानेवारी २०२५ मध्ये एका रात्री मी १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ही मानसिक आधारासाठी केंद्र सरकारने चालवलेली टेलिमानस सेवा आहे, ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, विनामूल्य आहे, दिवसरात्र उपलब्ध असते आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या मुलीने मला बोलू दिले आणि प्रत्यक्ष भेटीसाठी पालिकेच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाण्यास सुचवले. तेथे केसपेपरच्या पैशांत काम होते, मात्र रांगेसाठी सकाळ राखून ठेवावी लागते. तेथील डॉक्टरांनी सांगितले, की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात प्रदीर्घ शोकाचे स्वतंत्र निदान आहे, ते किमान सहा महिन्यांनंतरच केले जाते, आणि त्यात शोक आहे की नाही यापेक्षा त्यामुळे रोजचे जगणे कितपत अडते ते पाहिले जाते. माझ्या बाबतीत त्यांनी ते निदान केले नाही. झोपेसाठी थोडे दिवस औषध दिले आणि मुलीविषयी रोज ठराविक वेळी लिहिण्यास सांगितले. औषधाने झोप आली. लिहिणे जमले नाही, तेव्हा त्याऐवजी मोठ्याने बोलायला सांगितले. ते मी सकाळी कणीक मळताना करते.

तिच्या बाबांचा मार्ग निराळा आहे. ते बोलत नाहीत. उपचारांच्या काळात प्लेटलेट्स देणाऱ्यांचा एक गट आम्ही जमवला होता. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून ऐन वेळी दाता शोधावा लागतो. त्या गटावर अजूनही इतर मुलांसाठी निरोप येतात आणि तिचे बाबा त्यातून बाहेर पडलेले नाहीत. रक्तगट जुळला, तर रविवारी जाऊन ते तास-दीड तास यंत्राला जोडून बसतात. पहिल्या काही महिन्यांत मला त्यांच्या न रडण्याचा राग येत असे. समुपदेशनाला आम्ही एकदा एकत्र गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, की घरी एक जण उभा राहिला पाहिजे असे त्यांना वाटत होते. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी धाकट्याला सासूबाईंकडे ठेवून आम्ही दोघे तलावपाळीवर चालायला ठाण्याला जातो. बहुतेक वेळा तेथेही आम्ही कमीच बोलतो.

एप्रिलमध्ये तिचा वाढदिवस आला आणि सकाळी सातला एका खेळण्यांच्या दुकानाचा शुभेच्छांचा संदेश माझ्या मोबाईलवर आला. त्यानंतर मी बसून सगळीकडे एकच मजकूर पाठवला : अमुक क्रमांकावर नोंदलेल्या मुलीचे निधन झाले आहे, कृपया तिची नोंद काढावी. लसीकरणाची आठवण करणारे दवाखाने, शिकवण्या, कपड्यांची दुकाने, वाचनालय. बहुतेकांनी उत्तर न देता नोंद काढली. हे काम पहिल्या वाढदिवसाच्या आधी उरकलेले बरे.

जूनमध्ये मुलाच्या नव्या वर्गाच्या अर्जात भावंडांचा रकाना होता. तो भरताना मी बराच वेळ थांबले आणि ‘एक बहीण’ असे लिहून पुढे तिचे जन्मवर्ष आणि मृत्युवर्ष लिहिले. कार्यालयातील शिपाईमामांनी अर्ज पाहिला आणि ठेवून घेतला. गाडीत नवीन कोणी ‘मुले किती?’ असे विचारते, तेव्हाही मी आता ‘दोन, थोरली गेली’ असे उत्तर देते. विचारणारी बाई गोंधळते, क्वचित पुढचे स्थानक येईपर्यंत गप्प होते, पण ‘एक’ असे म्हटल्यावर माझा संपूर्ण दिवस ज्या रीतीने बिघडत असे, त्यापेक्षा हे सोपे आहे.

वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे जुलैच्या अखेरीस आले आणि तारीख ऑगस्टमध्ये. या मधल्या दिवसांची कोणी कल्पना दिली नव्हती. श्राद्ध झाल्यावर नातेवाईक परत गेले, सगळ्यांच्या लेखी वर्ष पूर्ण झाले, आणि खरी तारीख अजून पुढे होती. १२ ऑगस्टला आम्ही दोघांनी रजा घेतली, मुलाची शाळा चुकवली आणि घरी थांबलो. पुढच्या वर्षीही तिथी आणि तारीख वेगवेगळ्या येतील. दोन्हींसाठी रजा आधीच बाजूला ठेवणार आहे.

शेवटचे काम शिधापत्रिकेचे होते. त्याला कोणतीही घाई नव्हती आणि मी मुद्दामच ते शेवटी ठेवले होते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात शिधावाटप कार्यालयात नाव कमी करण्याचा अर्ज, मूळ शिधापत्रिका आणि दाखल्याची प्रत दिली. कारकुनाने जुन्या केशरी पुस्तिकेत तिच्या नावावर पट्टी ठेवून लाल शाईने रेघ ओढली, शेजारी तारीख घातली आणि सही केली. रेघेखाली नाव स्पष्ट वाचता येते.

आता विम्याचे नूतनीकरण नोव्हेंबरमध्ये आहे. त्या अर्जात कुटुंबातील सदस्यांची यादी नव्याने भरायची असते आणि मागच्या वर्षी ती तिच्या बाबांनी भरली होती. या वेळी मी भरेन, असे त्यांना सांगितले आहे. गेल्या महिन्यापासून मी परत धीमी लोकल धरते. रोज नाही, ज्या दिवशी जमेल त्या दिवशी.